सोनोग्राफीवर पहारा, क्ष-किरणांना मोकळे दार

संगमनेरच्या बसस्थानकावर सकाळी उतरणाऱ्या प्रवाशांपैकी किती जण बाजारासाठी आले, किती कचेरीच्या कामासाठी आणि किती दवाखान्यासाठी, याची मोजदाद कोणी केलेली नाही. परंतु अकोले, राजूर, कोतुळ, साकूर या बाजूंच्या गाड्यांतून उतरणारी माणसे जी मोठी चपटी पिशवी जिवापाड सांभाळतात, तीत पुष्कळदा जुना ‘फोटो’ असतो, हे येथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या या गावाने आसपासच्या तालुक्यांच्या दुखण्याखुपण्याचा भार गेली कित्येक वर्षे अंगावर घेतला आहे. डॉक्टरांनी नुसती नाडी पाहून पुडी दिली तर रुग्णाचे समाधान होत नाही. फोटो काढला म्हणजे काहीतरी केले, अशी त्याची भावना असते. डॉक्टरांनाही ती भावना गैरसोयीची नसते.

या दवाखान्यांच्या रस्त्याने सहज चालत गेले तरी एक विसंगती नजरेत भरते. ज्या दारामागे सोनोग्राफीचे यंत्र आहे, त्यावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा ठळक फलक असतो. आत नोंदवही असते, प्रत्येक गरोदर स्त्रीमागे भरायचा ‘एफ’ नमुना असतो, यंत्राचा क्रमांक सरकारदरबारी नोंदलेला असतो. शेजारच्या दारामागे क्ष-किरण यंत्र असते. त्या दारावर तांबडा दिवा कधी असतो, कधी नसतो. असला तरी लागतोच असे नाही. आतल्या यंत्राला परवाना आहे काय, भिंत किती जाडीची आहे, बटण दाबणाऱ्या मुलाने या विषयाचे काही शिक्षण घेतले आहे काय, हे विचारायला सहसा कोणी येत नाही. रुग्ण विचारत नाही, कारण विचारायचे असते हेच त्याला माहीत नसते.

वास्तविक या दोन यंत्रांपैकी धोक्याचे कोणते? सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात. तपासणीसाठी लागणाऱ्या त्यांच्या शक्तीने शरीरातील अणूंची मोडतोड होत नाही. क्ष-किरणांचे तसे नाही. ते अणूंमधील इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि त्यातून पेशीच्या आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचू शकते. ही इजा बहुधा भरून येते, क्वचित येत नाही आणि न भरलेल्या इजेचा हिशेब दहा-वीस वर्षांनी पुढे येतो. म्हणजे किरणोत्सर्गाच्या दृष्टीने निरुपद्रवी असलेल्या यंत्रावर सरकारचा पहारा आहे आणि ज्याच्यावर पहारा हवा ते दार मोकळे आहे.

मातांची साक्ष

सोनोग्राफी जगात कशी रुजली हे आठवले म्हणजे या विसंगतीला आणखी धार येते. पन्नासच्या दशकात ऑक्सफर्ड येथे ॲलिस स्ट्युअर्ट या डॉक्टर बाई लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगाचे कारण शोधत होत्या. इस्पितळांच्या दप्तरात उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलांच्या मातांनाच विचारायचे ठरवले. डॉक्टर जे नोंदवायला विसरतात ते आईला आठवत असेल, इतका साधा विचार त्यामागे होता. १९५६ साली पहिले निष्कर्ष आले, १९५८ साली सविस्तर लेख आला. कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या मातांच्या पोटाचे गरोदरपणी क्ष-किरण चित्र काढले गेल्याचे प्रमाण निरोगी मुलांच्या मातांच्या मानाने जवळजवळ दुप्पट आढळले. त्या काळी बाळ आडवे आहे की उभे, जुळे आहे की एक, हे पाहण्यासाठी असे फोटो सर्रास काढीत. वैद्यकीय जगताने बाईंचे म्हणणे सहजासहजी मान्य केले नाही. मातांच्या आठवणींवर शास्त्र उभारता येते काय, असा उपहासही झाला. मान्यता मिळायला वर्षानुवर्षे जावी लागली.

योगायोग असा की, त्याच १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातील गाठी ध्वनिलहरींनी पाहण्याच्या पद्धतीवरचा आपला लेख प्रसिद्ध केला. पोलादातील चिरा शोधण्यासाठी कारखान्यांत वापरली जाणारी युक्ती त्यांनी माणसाच्या शरीराला लावली होती. गर्भाकडे क्ष-किरणांवाचून पाहता येऊ लागले ते अशा मार्गाने. सोनोग्राफीने मातेच्या पोटावरचे एक संकट दूर केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्याकडे त्याच यंत्राचा कोणत्या कामी उपयोग झाला, हे सांगायला नको. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांआधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला. २०१२ साली परळीचे प्रकरण गाजले, तेव्हा राज्यभर केंद्रांच्या तपासण्या झाल्या आणि कित्येक यंत्रांना सील लागले. एफ नमुन्यातील कारकुनी चुकीबद्दलही यंत्र बंद होते, अशी डॉक्टरमंडळींची तक्रार असते आणि तीत काही तथ्यही असेल. पण त्या कायद्याच्या कडकपणाविषयी येथे तक्रार मुळीच नाही. मुलींचे जीव वाचवायचे तर तो कडकपणा हवाच. येथे दाखवायचे आहे ते इतकेच की, सरकारने मनावर घेतले म्हणजे त्याचा हात तालुक्याच्या गावातील गल्लीपर्यंत पोहोचतो. समुचित प्राधिकारी नेमले जातात, नोंदवह्या उघडल्या जातात, खबर देणाऱ्यास बक्षीसही मिळते.

ज्या वर्षी परळी गाजली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा एक अहवाल संसदेपुढे आला. त्याची मात्र चावडीवर चर्चा झाली नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभाराचे परीक्षण करताना महालेखापरीक्षकांना असे आढळले की, देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी फक्त ५,२७० केंद्रांची मंडळाकडे नोंद आहे. उरलेली ५२,१७३ केंद्रे, म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव, विनानोंदणी चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे, असे सांगितले होते. अकरा वर्षांनी महालेखापरीक्षकांनी पाहिले तेव्हा ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत स्थापन झाले होते. शिक्षणसंस्थांच्या, साखर कारखान्यांच्या आणि कायद्यांच्या बाबतीत पुढारलेपण मिरवणाऱ्या महाराष्ट्राचे नाव त्या यादीत नव्हते. नियामक मंडळाची कचेरी मात्र मुंबईत, अणुशक्तिनगरला आहे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. अणुभट्ट्यांपासून दंतवैद्याच्या लहानशा यंत्रापर्यंत सगळ्यांची सुरक्षितता पाहण्याचे काम त्याच्याकडे आले. अहवालाने झोंबल्यानंतर मंडळ स्वस्थ बसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परवान्याची पद्धत संगणकावर आली, अर्ज सोपे झाले, नोंदणी बरीच वाढली. पण परवाना देणे ही एक गोष्ट आणि परवान्यात लिहिलेले रोज पाळले जाते की नाही हे पाहणे ही दुसरी. संगमनेरहून अणुशक्तिनगर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. देशभर पसरलेल्या हजारो खोल्यांमध्ये तिथला शास्त्रज्ञ वारंवार डोकावेल, अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय करण्यासारखे आहे.

मात्रा किती?

भीती घालण्यासाठी हा लेख नाही, म्हणून थोडे आकडे पाहू. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी दोन ते तीन मिलिसिव्हर्ट इतका नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीच्या एका फोटोत मिळणारी मात्रा साधारणतः ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्ग तीन दिवसांत ते पंधरवड्यात देतो तेवढी. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती आठ-दहा मिलिसिव्हर्टच्या घरात जाते, म्हणजे निसर्गाच्या तीन-चार वर्षांइतकी. यंत्र बंद झाले की किरणही संपतात; खोलीत किंवा अंगात ते साठून राहतात ही समजूत चुकीची आहे. ज्या रुग्णाला फोटोची गरज आहे त्याने तो भीतीपोटी टाळणे हा शुद्ध आत्मघात होय. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका वर्षानुवर्षे तंबाखूच्या धुळीत बसल्या. त्यांचा खोकला तंबाखूचा की क्षयाचा, हे ओळखायला छातीच्या फोटोइतके हाताशी असलेले साधन दुसरे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात तर असे दिसले की, फोटो काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण नजरेतून सुटले असते.

तेव्हा प्रश्न विनाकारण आणि वारंवार घेतल्या जाणाऱ्या मात्रेचा आहे. तोही विशेषतः मुलांच्या बाबतीत. युरोपातील नऊ देशांत सुमारे साडेनऊ लाख माणसांची पाहणी झाली. लहानपणी किंवा तरुणपणी सीटी स्कॅन झालेली ही माणसे होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की, आज दहा हजार मुलांचे स्कॅन केले तर पुढील बारा वर्षांत त्यांपैकी एकदोघांना त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होईल. डोक्याला मार लागलेल्या मुलासाठी हा धोका पत्करण्याजोगा आहे. पडल्यावर रडून उठलेल्या आणि तासाभराने खेळू लागलेल्या मुलासाठी तो पत्करण्याजोगा नाही. हे दोन्ही निर्णय डॉक्टरच करू शकतो आणि त्याने ते पैशाचा विचार बाजूला ठेवून करावेत, एवढीच अपेक्षा आहे. तेथेच घोडे पेंड खाते. रुग्ण पाठवणाऱ्याला तपासणी केंद्राकडून मिळणाऱ्या वाट्याविरुद्ध कायदा करण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली मसुदा तयार केला होता. त्याचा कायदा झाला नाही. आधीच्या दवाखान्यातला चार दिवसांपूर्वीचा स्वच्छ फोटो पिशवीत असताना ‘नवा काढून आणा’ म्हणतात, तेव्हा त्या सूचनेत वैद्यक किती आणि व्यवहार किती, हे रुग्णाने कसे ओळखावे?

करोनाच्या दुसऱ्या लाटेतील दिवस वाचकांच्या स्मरणात असतील. ‘स्कोअर किती?’ हा त्या उन्हाळ्यातला क्षेमकुशल विचारण्याचा प्रकार झाला होता. किंचित ताप आला की माणूस छातीच्या सीटीसाठी रांगेत उभा राही. बरे वाटल्यावर ‘एकदा पाहून घेऊ’ म्हणून पुन्हा उभा राही. लूट होऊ नये म्हणून शासनाने सप्टेंबर २०२० मध्येच त्याचे दर २,००० ते ३,००० रुपयांपर्यंत बांधून दिले होते आणि ते योग्यच झाले. खिशाची काळजी घेतली गेली. किरणांची मात्रा विचारणारा मात्र प्रस्तुत लेखकाला त्या रांगेत कोणी भेटला नाही, आणि खरे सांगायचे तर प्रस्तुत लेखकानेही ती विचारली नाही. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितले की, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० फोटो. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने लागलीच प्रतिवाद केला की, आजच्या अल्पमात्रेच्या पद्धतीत ती तुलना पाच-दहा फोटोंशीच करावी. सामान्य माणसाने कोणाचे खरे मानायचे? दोन्ही विधानांना आपापला आधार आहे, कारण मात्रा यंत्रावर, त्याच्या जुळणीवर आणि चालवणाऱ्यावर अवलंबून असते. तुमच्या गावातले यंत्र या दोन टोकांच्या मध्ये कोठे बसते, हे कोणीतरी वेळोवेळी मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही.

यात नव्या तंत्राने एक छुपी अडचण आणली आहे. जुन्या काळी किरण जास्त सोडले तर फिल्म काळी पडे आणि चूक तत्काळ उघडी होई. फिल्म हाच तंत्रज्ञाचा परीक्षक होता. संगणकावरच्या चित्राचे तसे नाही. किरण जास्त झाले तर चित्र उलट अधिक स्पष्ट उमटते. डॉक्टर खूश, रुग्ण खूश, तंत्रज्ञही निश्चिंत. मात्रा हळूहळू वाढत गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मेजाच्या खणातला बिल्ला

रुग्णाच्या वाट्याला वर्षातून एखादा फोटो येतो. जो माणूस दिवसाला चाळीस-पन्नास फोटो काढतो, त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. क्ष-किरणांचा शोध रंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. त्यानंतरच्या काही वर्षांतच हे किरण हाताळणाऱ्यांची कातडी भाजू लागली, बोटे कापावी लागली. थोर संशोधक एडिसन यांचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली त्याच पायी गेला आणि एडिसननी या किरणांचा नाद सोडला. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले. आज तशी स्थिती नाही हे उघड आहे. किरणांत काम करणाऱ्यासाठी आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातलेली आहे. बाहेर बाकावर बसलेल्या माणसासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णासाठी आकड्याची मर्यादा नाही. त्याची गरज हीच त्याची मर्यादा.

काम करणाऱ्याला किती किरण लागले हे मोजण्यासाठी छातीवर लावायचा एक बिल्ला असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या लहान चकत्या असतात. किरणांनी दिलेली ऊर्जा त्या धरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली ही पद्धत सुंदर आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी.

प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी याच परिसरातील एका केंद्रात चार वर्षे कामाला होता. केंद्राचे नाव येथे महत्त्वाचे नाही. बारावीनंतर पुढचे शिक्षण परवडले नाही, ओळखीने नोकरी मिळाली, यंत्र चालवायला तिथल्याच एका मुलाने पंधरा दिवसांत शिकवले. त्याच्या नावाने बिल्ला आलेला होता, पण तो राही मालकांच्या मेजाच्या खणात. हरवला तर पैसे भरावे लागतील, ही त्यामागची काळजी! दर तीन महिन्यांनी तो खणातून निघे, मुंबईस जाई आणि दुसरा येऊन त्याच खणात पडे. लहान मूल हलू नये म्हणून ते कोणीतरी धरावे लागते. नियमाप्रमाणे नातेवाइकाने शिशाचा ॲप्रन घालून धरावे. पण आई घाबरलेली असे, ॲप्रन एकच आणि फाटका, तेव्हा हा स्वतःच धरी आणि बटण दुसरा कोणी दाबी. दिवसातून किती वेळा, असे विचारल्यावर त्याने बोटे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

भौतिकशास्त्रातील एक साधा नियम शाळेत सर्वांनी वाचलेला असतो. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते, चौपट केले की सोळाव्या. अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर सरकायला पैसा लागत नाही, जागा लागते. पंधरा फुटी गाळ्याची दोन खणांत विभागणी करून आत यंत्र आणि बाहेर पातळ फळीमागे माणूस, अशी रचना असेल तर त्या नियमाचा लाभ घ्यायचा कसा? नऊ इंची विटांची भिंत, दाराला शिशाचा पत्रा, खिडकी डोक्याच्या वर, या गोष्टी काही चैनीच्या नाहीत. उलट रुग्णाच्या अंगावर शिशाची झापड टाकण्याचा सोहळा मात्र आता तितका आवश्यक मानला जात नाही. अमेरिकेतील वैद्यक-भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच ती सरसकट प्रथा सोडावी असे सांगितले. किरणांचा झोत हवा तेवढ्याच भागावर आवळून धरला तर काम भागते. तो आवळण्याची शिस्त शिकलेल्या हातालाच असते.

हा विषय आजच काढण्याचे कारण आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून देशातील ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली आणि तीत हातात धरून चालवता येणारी लहान क्ष-किरण यंत्रे वापरात आली. डांगाणातल्या आदिवासी वाडीपर्यंत फोटो पोहोचणार असेल तर त्याचे दोन्ही हातांनी स्वागत केले पाहिजे. पण यंत्र आता खोलीतून बाहेर पडले आहे. त्याला भिंत नाही आणि ते चालवणाऱ्याच्या हातातच आहे. शाळेच्या पटांगणात शिबिर लागले की भोवती पोरांचा गराडा पडणार. तेथे अंतर राखायला लावणारा, समोरून माणसे हटवणारा आणि अंगावर बिल्ला असलेला प्रशिक्षित माणूस नसेल, तर चांगल्या कामाला उगाच गालबोट लागेल.

यावर डॉक्टरांचे म्हणणे ठरलेले आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आधीच एवढे परवाने, त्यात आणखी एक निरीक्षक आणि त्याचे आणखी एक पाकीट! शिवाय नियमांचा बडगा पडून लहान केंद्रे बंद झाली तर राजूरच्या बाईला फोटोसाठी आणखी दूर जावे लागेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. म्हणूनच नवे खाते काढण्याऐवजी जे तालुक्यात आहेत त्यांच्याकडेच हे काम थोडक्यात सोपवावे. सोनोग्राफीची नोंदवही तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने शेजारच्या दारात चार गोष्टी पाहाव्यात. परवाना भिंतीवर आहे काय? दार आणि भिंत नियमाप्रमाणे आहे काय? यंत्र चालवणारा प्रशिक्षित आहे काय? आणि बिल्ला कोठे आहे? याला अणुशास्त्रज्ञ लागत नाही. यंत्राची शास्त्रीय तपासणी आणि परवाना रद्द करण्याचा अधिकार नियामक मंडळाकडेच राहावा. तंत्रज्ञांच्या शिक्षणाला वळण लावण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये कायदा केला आहे. त्याच्या आधाराने, आज अनुभवावर काम करणाऱ्या मुलांना कामावरून न काढता लोणीसारख्या जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही महिन्यांचे प्रशिक्षण देण्याची सोय करता येईल. लहान केंद्राला भिंत बांधण्यासाठी मुदत द्यावी, हवे तर बँकेने कर्ज द्यावे. पण मुदत एकदाच द्यावी.

तो विद्यार्थी गेल्या दिवाळीत भेटला. आता तो दुसऱ्या गावी एका मोठ्या रुग्णालयात आहे, तेथे त्याला रीतसर शिकवले गेले आणि बिल्ला लावल्याशिवाय आत सोडत नाहीत, असे त्याने कौतुकाने सांगितले. मागच्या चार वर्षांच्या नोंदींचे काय, असे त्याला विचारले. त्या मिळाल्या, तो म्हणाला. सगळ्या तिमाह्यांत शून्य आहे.